घोरपड उजवीकडे ओढते

जॅक सुटला तेव्हा केतकी दुर्वाला खांद्यावर घेऊन गाडीच्या अगदी समोर उभी होती.

लालासो मिस्त्री एरवी गणपती पाटावर ठेवावा तशी गाडी खाली उतरवायचा. त्या दुपारी जॅकची हवा एकदम गेली आणि घोरपडीचं नाक वीतभर खाली आदळलं. मग गाडीने जे केलं ते पाहून केतकी एक पाऊल मागे सरली. पुढची दोन्ही चाकं बाहेरच्या अंगाला फाकली. नाकावरचे दोन्ही पंख, वारा कापण्यासाठी बसवलेले, थरथरत उघडले. क्षणभर तसेच राहिले. मग चाकं आणि पंख एकदमच आत आले, कशाला तरी घट्ट धरल्यासारखे.

"हिलाबी भ्या वाटतंय जणू, वहिनी," लालासो म्हणाला आणि पाना शोधायला वळला.

केतकीला हसू आलं नाही. आंघोळीनंतर दुपट्यावर ठेवताना मानेखालचा हात जरा लवकर निघाला, की दुर्वा अगदी असंच करायची. दोन्ही हात फाकायचे, बोटं उघडायची, पाठीची कमान व्हायची. मग हात छातीशी यायचे, समोर नसलेलं काहीतरी धरायला. आधी उघडणं, मग कवटाळणं. बाळांचे डॉक्टर मुद्दाम तपासून बघतात ते हेच दचकणं. जन्मतः असतं, चार-पाच महिन्यांत आपोआप जातं. माकडिणीच्या पोटाला बिलगून फिरणाऱ्या पिल्लांपासून आपल्यात उरलंय म्हणतात. पडतोय असं वाटलं की आईला धर, एवढाच त्याचा अर्थ.

ते तिच्या लेकीच्या अंगातलं होतं. या यंत्राच्या अंगात कुठून आलं?

घोरपड ही इंगवल्यांची चौथी गाडी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात केतकीच्या सासऱ्यांची, आप्पांची फौंड्री. पंपांचे सांगाडे ओतता ओतता आप्पांना शर्यतीच्या गाडीचा नाद लागला तो सुटलाच नाही. नादही कसला, तर लांब पल्ल्याच्या शर्यतीचा. तिथे नुसतं जोरात पळून भागत नाही; दिवसभर, रात्रभर पळून जी गाडी उभी राहते ती जिंकते, आणि ड्रायव्हर आळीपाळीने तिच्यात बसतात. पहिली गाडी कोइमतूरला तापून बसली. दुसरीचा गिअरबॉक्स चेन्नईत फुटला. तिसरीने मलेशियात पहाटेपर्यंत तग धरला आणि चाकाच्या एका नटाने घात केला. चौथी हायड्रोजनवर चालणारी, चारही चाकांना आपापली मोटर, बुटकी, चपटी, वळणावर जमीन न सोडणारी. म्हणून लालासोने तिचं नाव घोरपड ठेवलं. कागदोपत्री दुसरं काहीतरी होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

आपली आपण चालणारी वाहनं आता गल्लीबोळांत फिरत होती, म्हणून तर शर्यतीचा नियम कडक होता. गाडीने स्वतःची अक्कल चालवायची नाही. जे काही व्हायचं ते माणसाच्या शरीरातून आलं पाहिजे. या नियमात राहूनच केतकीने पाठराखण बनवली होती.

माणसाचं शरीर मनाच्या आधी घाबरतं. जिन्याची पायरी चुकली, तर 'चुकली' हे कळायच्या आत हात कठड्याकडे गेलेला असतो. कानाच्या आत पोकळीत पाणी असतं. तोल जाताच ते हलतं आणि पाठीच्या स्नायूंना थेट निरोप जातो, मेंदूच्या वरच्या मजल्यावर वर्दी पोचायची वाट न बघता. गाडी घसरू लागली की ड्रायव्हरच्या पाठीला ते सगळ्यांत आधी समजतं. केतकी इचलकरंजीची, मागाच्या खडखडाटात वाढलेली. तिने वडिलांच्या मागावर वीजवाहक धाग्यांचं कापड विणून घेतलं आणि ते सीटला चढवलं. पाठीतली बारीकशी उसळी ते कापड टिपायचं आणि ड्रायव्हरचे हात हलायच्या आत चाकं सावरायचं. हीच पाठराखण.

अडचण एकच होती. तासन्‌तास चालवून पाठ मुकी होते. शिवाय कसलेला ड्रायव्हर दचकणं विसरलेला असतो. वर्षानुवर्षं त्याने तेच तर कमावलेलं असतं. मुक्या पाठीतली पुसट हालचाल ओळखायची, तर खरं, न बुजलेलं दचकणं कसं असतं ते पाठराखणीला आधी ठाऊक हवं. केतकीने नवऱ्याला, विश्वजितला सीटवर बसवून कितीदा तरी दचकवून पाहिलं. तो हसायचा. हसणाऱ्या माणसाची पाठ काही शिकवत नाही.

आणि मग खंडेनवमी आली होती. इंगवल्यांची रीत अशी, की त्या दिवशी घरातलं सगळ्यांत लहान मूल सगळ्यांत नव्या यंत्रावर बसवायचं. आप्पा लहानपणी लेथवर बसले होते, विश्वजित मोल्डिंग मशिनवर. पूजेला यंत्र बंद ठेवायचं हीसुद्धा रीतच, पण आप्पांना आरतीच्या वेळी गाडीचे दिवे लागलेले हवे होते. दिवे लावायचे तर गाडी जागी करावी लागते. जागी झालेली पाठराखण तिला शेवटी दिलेल्या आज्ञेवर येऊन थांबते, आणि केतकीने बाळंतपणाला जाण्याआधी दिलेली शेवटची आज्ञा होती: शीक. झेंडूच्या माळांमध्ये दुर्वाला सीटवर टेकवलं. आप्पांनी मानेखालचा हात काढला आणि त्याच क्षणी दारात हलगी कडाडली.

केतकीने झेप घालून मुलीला उचललं होतं. गाडीकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. त्यानंतर कोइमतूरची शर्यत घोरपडीने जिंकली होती, आणि जो तो म्हणत होता, पोरीचा पायगुण.

जॅक सुटला त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तिने हे घरी सांगितलं. ऐकून आप्पा आणि विश्वजित दोघे हादरतील अशी तिची कल्पना होती. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. नातीने गाडीत जीव ओतला, असं ते म्हणाले आणि लालासोला जिलेबी आणायला पिटाळलं. ज्या कंपनीला पाठराखण हवी होती, रोजच्या वापरातल्या हजारो गाड्यांत घालायला, तिच्या साहेबांना त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. ते पुसून टाकू या, असं केतकी म्हणाली ते जिलेबीच्या गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. विश्वजितला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ती लंगोट वाळत घालत होती तेव्हा तो वर आला. चेन्नईच्या सरावात काय झालं ते त्याने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडीचं बूड घसरलं आणि पाठराखण गप्प राहिली. नाक खाली गेलं तर ती सावरायची, पण मागून घसरणं, आडवं घसरणं तिला ओळखूच येत नव्हतं. का ते आता कळलं, तो म्हणाला. हलगी एकदाच वाजली होती. दुर्वा एकाच तऱ्हेने दचकली होती. गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली, आणि हेल्मेट काढताना त्याला पट्टा सापडेना.

"पुढची शर्यत मलेशियात. तिथे पाऊस असतो, केतू. चोवीस तास पळायचंय. एकदा बसवू तिला. चार-पाच वेळा दचकेल, एवढंच. डॉक्टरसुद्धा दचकवतातच की."

"डॉक्टर बघतात. तू वापरणार."

तो कठड्याला टेकला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आणि मला काही झालं तर?"

तिने नाही म्हटलं, पण त्या दिवसापासून तिला दोन्ही अंगांनी भीती लागली. तो सरावाला निघाला की भिंत दिसायची. तो घरी असला की दुर्वाला त्याच्या हाती देताना मन कचरायचं. आंघोळ घालताना ती पोरीच्या पाठीवरून पाणी सोडायची आणि त्या टीचभर पाठीकडे बघत बसायची. एवढीशी पाठ, आणि नवरा, सासरा, कंपनीचे साहेब, तिघांची नजर तिच्यावर. दिवसही थोडे राहिले होते. दुर्वा मान धरू लागली होती. दचकणं आता गेलं की गेलं.

त्याच आठवड्यात इचलकरंजीला धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. दुर्वाला सर्दी झालेली, एवढा प्रवास नको म्हणून विश्वजितच म्हणाला की तू जाऊन ये, मी आहे, आप्पा आहेत. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती. केतकी पहिल्यांदाच मुलीला सोडून गेली. तिथे बायकांनी तिला गाणं म्हणायला लावलं, तिने म्हटलंही. दिवेलागणीला परतली तेव्हा दुर्वा झोपलेली होती, अंगावर घाम होता, आणि विश्वजित पाळण्याला झोका देत होता. तो इतका कधी देत नसे.

पुढे एके सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि दुर्वा दचकली नाही. ओट्यावरून ताट पडलं, सगळ्या घरात घुमलं. ती नुसती बघत राहिली. केतकीने पोरीला दुपट्यावर ठेवताना मानेखालचा हात मुद्दाम सैल सोडला. हात फाकले नाहीत. दुर्वाने नुसतं तिच्याकडे पाहिलं, शांत, मोठ्या माणसासारखं. आपण आत्ता काय केलं हे लक्षात येऊन केतकीने तिला छातीशी धरलं, आणि मग ओट्यापाशी खालीच बसून राहिली.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. वेळेवर गेलं, उत्तम वाढ आहे, म्हणाल्या. काळजी करणाऱ्या आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. ते आपोआप गेलं की कुणी वापरून संपवलं, हे सांगणारी तपासणी कुठल्याच डॉक्टरकडे नसते.

घरी येऊन तिने विश्वजितला विचारलं. तो नाही म्हणाला. आप्पा पेपरात तोंड घालून बसले होते. तिने विश्वास ठेवला, कारण ठेवला नाही तर पुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

मलेशियाला गाडी पाठवण्याआधी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर शेवटची चाचणी होती. एरवी विमानांची वर्दळ नाही, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. लालासोने मध्ये पाणी सोडून रस्ता निसरडा केला होता आणि उजव्या बाजूला जुन्या टायरांची भिंत रचली होती. केतकी दुर्वाला घेऊन झाडाखाली थांबली.

विश्वजित पाण्यावर आला, गाडीचं बूड घसरलं, आणि पाठराखणीने ते अलगद सावरलं. मागून घसरणं तिला आता येत होतं. केतकीला वाटलं, काही बदललं असेल, विश्वजितच्या पाठीकडूनच शिकली असेल. पण सावरल्यावर गाडी सरळ जायच्या ऐवजी उजवीकडे गेली. दुसऱ्यांदाही तेच. लालासोने चाकांची रेष तपासली, दोरी लावून पुन्हा तपासली.

"रेष सरळ हाय, वहिनी. गाडीच उजवीकडं ओढतीया. कोन बोलावतंय तिला तिकडं, कळंना झालंय."

तिसऱ्या वेळी वेग जास्त होता. गाडी आडवी घसरली. पंख उघडले, चाकं फाकली, मग सगळं आत आलं, कवटाळलं. रस्ता पकडला. आणि मग ते थांबणं, अगदी निमिषभर, कुणी आलं का बघावं तसं. त्यानंतर नाक उजवीकडे वळलं, आणि घोरपड टायरांच्या भिंतीला घासत, आरसा उडवत गेली. टायर वाळलेल्या गवतावर दूरवर घरंगळले. विश्वजितने कशीबशी गाडी थांबवली.

लालासो पळाला, आप्पा पळाले. केतकी जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे वर्कशॉप होतं. गाडी नेहमी ज्या जागी उभी असते ती जागा, आणि सीटच्या उजव्या हाताला तिच्या छोट्या खोलीचं दार. दुर्वा वर्कशॉपमध्ये झोळीत असायची, केतकी आत काम करायची. जरा कुठे रडू आलं, की आई त्या दारातून बाहेर यायची.

ती चालत गाडीपाशी गेली. विश्वजित हेल्मेट मांडीवर घेऊन धावपट्टीवरच बसला होता. ओठ पांढरे पडले होते.

"दुर्वाला बसवलंस तेव्हा गाडी नेहमीच्याच जागी होती?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. तेवढं पुरे होतं.

"दार कुठल्या बाजूला येतं, विशू?"

त्याने मान वर केली. त्याला कळलं ते तिला दिसलं, त्याच्या तोंडावरून, हळूहळू, पाणी मुरावं तसं.

"ती दाराकडे बघत होती," केतकी म्हणाली. "प्रत्येक वेळी. दचकली, धरायला गेली, धरायला कुणी नव्हतं. मग दाराकडे वळली. तिथून मी येते."

लालासो दुसरीकडे बघू लागला. विश्वजितने हेल्मेट खाली ठेवलं आणि तोंड दोन्ही हातांत घेतलं. किती वेळा, असं तिने विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही.

आप्पा जवळ आले. आवाज मऊ होता. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झालं ते चुकलं, बाळ. पर आता... ते उजवीकडचं तेवढं पुसता येईल का? बाकीचं राहू दे. पोराचा जीव राहील गं."

केतकीला भीती याचीच वाटली, की येत होतं. खोलीत बसून तासाभराचं काम. तेवढं कापलं की घोरपड भिंतीकडे जाणार नाही, विश्वजित सुखरूप राहील, कंपनी खूश होईल, आणि पुढे कुठल्या कुठल्या शहरात, कुणाकुणाच्या पाठीखाली ती सीट असेल. कुणाला कधी कळणार नाही.

"येईल," ती म्हणाली. "म्हणजे ती घाबरेल तेवढी. शोधणार कुणालाच नाही. असं काही माझ्या मुलीचं मी कुठे ठेवणार नाही, आप्पा."

तिने दुर्वाला लालासोच्या हातात दिलं, कारण त्या घडीला तिला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावंसं वाटलं नाही. मग गाडीत वाकून तिने सगळंच पुसायला घेतलं. शेवटच्या वेळी यंत्राने विचारलं, नक्की का? तिचा अंगठा थांबला. समोर गवतात तो उडालेला आरसा चमकत होता. आता विश्वजितला पाऊस एकट्याने पार करायचा होता, आणि त्याला काही झालं तर ते तिच्या या अंगठ्याने झालेलं असणार होतं. तिने विश्वजितकडे पाहिलं. त्याने तोंडावरचे हात काढले होते. तो तिला थांबवू शकला असता. त्याने मान हलवली, पूस.

मलेशियात रात्र कोरडी गेली. सकाळी ढग उतरले. घोरपड तोवर चौथ्या नंबरावर होती, आणि विश्वजितची पाळी सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. केतकी पिटमध्ये, गाड्या थांबून टायर-इंधन घेतात त्या जागी, कानाला हेडफोन लावून बसली होती, दुर्वा तिच्या अंगाशी बांधलेली. ट्रॅकचा पलीकडचा भाग तिथून दिसत नसे. गाडी वळणाआड गेली की ती श्वास धरायची आणि आवाज पुन्हा ऐकू आला की सोडायची. पावसात सगळ्या गाड्यांचा आवाज सारखाच येतो. प्रत्येक फेरीला ती एकदा विधवा होत होती आणि प्रत्येक फेरीला वाचत होती. सीटवर साधं कापड होतं. पुसलं ते बरोबर केलं का, हे ती प्रत्येक फेरीला स्वतःला विचारत होती, आणि वळणाआडून काहीच उत्तर येत नव्हतं.

मग एका फेरीला घोरपड वेळेवर आलीच नाही. ती उठून उभी राहिली. आप्पाही उठले.

घोरपड पिटच्या वाटेने येत होती, हळू, दिवे लावून, सरळ. थांबायची वेळ नव्हती. टायर गेला असणार म्हणून लालासो जॅक घेऊन धावला. टायर शाबूत होता. मोटरी शाबूत होत्या. विश्वजित उतरला, अंगावरून पाणी गळत होतं, आणि सगळे काय झालं, काय झालं विचारत असताना त्याने हेल्मेट काढलं.

"काही झालं नाही," तो म्हणाला. "भीती वाटली म्हणून आलो."

इंगवल्यांच्या पिटमध्ये हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. दुसरा ड्रायव्हर नुसताच उभा राहिला. आप्पांनी मुलाकडे पाहिलं, बाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे पाहिलं. कितीतरी गाड्या पुढे निघून जात होत्या. प्रत्येकीचा फवारा पिटच्या तोंडापर्यंत येत होता. मग त्यांनी आपल्या गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या हातात दिला, आणि लालासोला म्हणाले, पाऊस कमी होईस्तवर गाडी आत घे.

विश्वजित केतकीपाशी आला. त्याने डोकं पुसलं, हात पुसले, पुन्हा एकदा पुसले. धावपट्टीवरच्या त्या दिवसानंतर त्याने दुर्वाला मागितलं नव्हतं आणि केतकीने दिलं नव्हतं. आताही तो मागत नव्हता. नुसते हात पुढे केले होते त्याने.

केतकीने गाठ सोडली. दुर्वाच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तिला त्याच्याकडे केलं. पाठ ताठ होते का, ती बघत राहिली. झाली नाही. पोरीने बापाच्या ओल्या कॉलरला मूठ घातली.

केतकीने मूल त्याच्या हाती दिलं. तळवा मात्र तिने पाठीवरून काढला नाही.